बाबांच्या तोंडची गोष्ट

एका घराला रंग देताना रंगाऱ्याला ते पुस्तक मिळालं. मालकीणबाईंनी माळा आवरायला काढला होता आणि रद्दीच्या ढिगावर ते पडलं होतं. वर छत्री घेतलेलं गाढव. रंगाऱ्याने हात पँटला पुसले. "हे नेऊ का? घरी चार वर्षांची पोरगी आहे."

"न्या की," बाई म्हणाल्या. "माझ्या आईने मला वाचून दाखवलं, मी माझ्या पोरांना. तिला पाठ झालं की मग थकाल तुम्ही."

रंगाऱ्याला वाचता येत नव्हतं. रंगाचे डबे तो झाकणावरच्या ठिपक्यावरून ओळखायचा, आणि सही करायचा ती चित्र काढावं तशी, जीभ दातांत धरून. पण बायको इस्पितळाच्या धुलाईघरात दुपारपाळीला असायची, त्यामुळे संध्याकाळी पोरीला जेवू घालून झोपवणं त्याच्याकडेच होतं. तो भिंतीला टेकून बसायचा, पोरीला मांडीवर घ्यायचा आणि पुस्तक उघडून खुशाल वाचायचा.

त्याच्या पुस्तकातलं गाढव कामावरून घरी निघालेलं असायचं, लेकीसाठी छत्री घेऊन. वाटेत बगळा अडवायचा आणि नाकातून म्हणायचा, "कोपरा राहिलाय रंगवायचा." पोरगी हसून लोळायची. मग कुणीतरी भिजलेलं भेटायचं, गाढवाला नाही म्हणवायचं नाही, आणि एकेकाला छत्रीखालून घरी सोडता सोडता त्याला उशीर व्हायचा. ज्या दिवशी रंगारी स्वतः उशिरा यायचा, त्या दिवशी गाढवाला वाटेत जास्त जण भेटायचे.

पोरगी दुसरीत गेली. एक दिवस बाईंनी वर्गात तेच पुस्तक वाचायला घेतलं. त्यातल्या गाढवाला छत्री नदीकाठी सापडली होती आणि ते तिचा मालक शोधत हिंडत होतं. पोरगी उभी राहिली.

"बाई, चुकलं. ते घरी चाललंय."

वर्ग हसला. बाईंनी रागावून पुस्तक तिच्या हातात दिलं असतं तरी बरं होतं. त्यांनी ते प्रेमाने दिलं. आता तिला वाचता येत होतं. तिने पहिलं पान वाचलं, आणि तिचे कान तापले.

घरी रंगारी मोरीत ब्रश धूत होता.

"बाबा, तुम्हाला वाचता येत नाही."

पाणी नितळ यायला लागलं तरी तो ब्रश धूतच राहिला. मग म्हणाला, "नाही येत."

"मग खोटं खोटं का वाचलंत? सगळे हसले मला."

त्या दिवसापासून त्याने ते पुस्तक हातात घेतलं नाही, आणि तिनेही पुन्हा मागितलं नाही. सात वर्षांचं पोर ते, बोलून गेलं. पण मोठं झाल्यावर तेच वाक्य तिला रात्रंदिवस खायला लागलं.

ती शिकली, औषधांच्या दुकानात लागली, लग्न झालं, मुलगा झाला. मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर तिने पुस्तकांच्या दुकानातून तेच गाढव आणलं, गुळगुळीत कागदावरचं. वाचायला बसली आणि थांबली. तिला बाबांची गोष्ट सांगायची होती. बगळा आठवला, कोपरा आठवला. पुढचं काही केल्या आठवेना.

रविवारी ती मुलाला घेऊन माहेरी गेली आणि पुस्तक म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. "बाबा, तुम्ही वाचा याला."

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. "न-दी-का-ठी... ए-का... गा-ढ-वा-ला..."

नातू झाल्यापासून तो समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंकडे रोज तासभर शिकायला जात होता. लेकीला सांगायचं नाही, अशी त्याने बायकोला तंबी दिली होती. सोळाची सोळा पानं त्याने वाचली. कपाळावर घाम आला. नातवाने "अजून" म्हटलं तेव्हा त्याने लेकीकडे पाहिलं.

"एकही चुकलं नाही ना?"

"नाही बाबा," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "ती आधीची सांगा ना. ते घरी चाललेलं असायचं ती."

"ती? जाऊ दे गं. अडाण्याची बडबड होती."

"मला तीच हवी आहे."

मग त्याने खरंच प्रयत्न केला. बगळ्याच्या चित्राचं पान उघडून बराच वेळ बघत बसला. ओठ हलले, थांबले. "आता चित्र बघितलं की खालची अक्षरंच दिसतात गं," तो ओशाळून म्हणाला.

त्या दुपारी तिला त्याची माफी मागायची होती. नातवाला बिस्किट देण्यात, चहा करण्यात ते राहून गेलं. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याची छाती भरली. जन्मभर भिंती घासल्याचा भुगा, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांत तो गेला.

महिन्याभराने तिने आईला विचारलं, "तुला येते का गं ती गोष्ट?"

"मी पाळीवर असायचे बाई," आई म्हणाली. "मी ती ऐकलीच नाही कधी."

मग लेकीने तिला आठवत होतं तेवढं सांगितलं. आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. दोन मिनिटांतच ते संपलं.

"पुढे?" आईने विचारलं.

"पुढचं नाही माहीत," ती म्हणाली.