खालीच पाहिजे

दुपारी दोनच्या सुमाराला ते सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत व्हायचं. शेठ आणि त्यांचा मुलगा मार्केटात गेलेले असत, बा, म्हणजे शेठाणी, हिंडोळ्यावर बसल्या बसल्या डोळा लावत, आणि हिंडोळ्याची कडी तेवढी आपल्याआपण करकरत राही. मी वरच्या मजल्यावर फरशी पुसायला जायचे. मागच्या खोलीत, जिथे एरवी कपडे वाळत, तिथे भिंतीला टेकवून ते चित्र ठेवलेलं असे. मी फडकं बादलीत टाकून त्याच्यासमोर खाली बसायचे. सांगायला आज मला संकोच नाही, त्या दिवसांत सुरतेत मला बसायला दुसरी जागाच नव्हती.

मी सातवीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन खानदेशातून सुरतेच्या उधन्याला आले तेव्हा आमचे हे साडीच्या छपाईच्या मिलमध्ये कामाला होते. आमची खोली एवढीशी, आणि त्यात सगळं टांगलेलं: पिशव्या खिळ्याला, शर्ट दोरीला, कांदे छताला, देवसुद्धा खिळ्याला. नजर कुठेही फिरवली तरी ती कशाला ना कशाला अडकून परत यायची. त्यात भाषा येईना. गुजराती ऐकली की अर्धी कळल्यासारखी वाटायची, आणि अर्धं कळणं हे काहीच न कळण्यापेक्षा वाईट. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. कुणी काही म्हटलं की आधी मान हलवायची, मग अंदाजाने काम करायचं. एका घरचं काम त्या मान हलवण्यापायी गेलंसुद्धा. अशात अठवा लाइन्सच्या या बंगल्यातल्या भाभींनी मला ठेवून घेतलं. भाभी म्हणजे शेठची सून. बडोद्याला चित्रं काढायला शिकलेल्या. तिथे हॉस्टेलात मराठी मैत्रिणी होत्या, म्हणून माझ्याशी बऱ्यापैकी मराठी बोलायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी "ये, बस" म्हटलं, तेव्हा मला रडू फुटलं होतं. त्या दोन शब्दांचं ऋण मी अजून मानते.

लग्न झालं, मुलगा झाला, आणि भाभींचा ब्रश सुटला होता. पण शेठनी रिंगरोडच्या मार्केटात नवीन दुकान घेतलं, दिवाळीनंतरच्या लाभपाचमेचा मुहूर्त धरला, आणि जेवता जेवता म्हणाले, "गादीच्या मागे एक मोठं चित्र पाहिजे. घरात कलाकार असताना बाहेरून कशाला आणायचं?" भाभींचा हात भातातच थांबला. दुसऱ्या दिवसापासून त्या मागच्या खोलीत.

आणि मग ते चित्र झालं. दार आडवं करून ठेवावं एवढं मोठं. सगळं पिवळं. पिवळं म्हणजे हळद नाही, झेंडू नाही. पिवळं म्हणावं तर भुरकट, भुरकट म्हणावं तर आतून उजेड येतोय असं. आणि अगदी तळाशी, उजव्या हाताला, निळ्याचा एक तुकडा. चौकोनही धड नाही, एक बाजू तिरपी. संपलं. बाकी काही नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. एवढ्या मोठ्या पिवळ्यात ते निळं एकटं कसं राहणार, असं काहीतरी वाटलं. मग रोज बघत गेले. दोन वाजता ते पिवळं वाळल्या गवतासारखं दिसायचं, आणि ऊन खिडकीतून आत सरकलं की थिजलेल्या तुपासारखं. कधी वाटायचं, निळं हलतंय. अगदी हळू, जसं लांबच्या शेतातून कुणी चाललंय आणि आपल्याला नुसता रंग दिसतो, माणूस नाही. कधी ते दार वाटायचं, कधी पाट, कधी काहीच नाही. ते काय आहे हे ठरवायची मला घाई नव्हती. एरवी मला प्रत्येक गोष्टीची घाई आणि प्रत्येक गोष्टीचा धाक. त्या चित्रासमोर मात्र कुणी मला काही विचारत नव्हतं आणि मला कशालाच मान हलवावी लागत नव्हती. डोळे जायचे, जात राहायचे, आणि कुठेही अडायचे नाहीत.

घरच्यांना ते दाखवलं त्या दिवशी गंमतच झाली. बा चष्मा लावून जवळ गेल्या, मग लांब गेल्या, मग परत जवळ. "आमां छे शुं?" त्यांनी विचारलं, यात आहे तरी काय. भाभी म्हणाल्या, "रंग छे, बा." बा म्हणाल्या, "ए तो मने पण देखाय छे."

भाभींचे यजमान साडीच्या धंद्यातले. त्यांनी हात मागे बांधून चित्र पाहिलं आणि म्हणाले, ग्राउंड छान झालंय, आता बुट्टी कधी टाकणार? भाभींचा लहानगा म्हणाला, ही त्याची पलंगावरची चादर, आणि निळा तो स्वतः.

मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांच्या मिलमध्ये प्रत्येक रंगाचा स्क्रीन वेगळा. एक कारीगर पिवळा मारून पुढे सरकला की मागचा लाल मारतो, त्याच्यामागून हिरवा येतो, तेव्हा कुठे साडीवर फूल उमटतं. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मंग एकच स्क्रीन मारेल शे ना! बाकीना कारीगर दिवाईले गावले गयात का?"

"कारीगर एकलीच शे," मी म्हटलं.

"तेच सांगी राहिनू. एकली बाई कितला स्क्रीन मारी?" असं म्हणून स्वतःच हसले.

मीही हसले, पण मनात कुठेतरी लागलं. का लागलं ते सांगता आलं नसतं. चित्र माझं थोडंच होतं.

शेवटी घरच्यांचं ठरलं असं, की त्यात मोर काढायचे. दोन मोर, समोरासमोर, मध्ये कलश. बांनी सुचवलं, यजमानांना पटलं. शेठ म्हणाले, धनतेरसेला सकाळी चित्र बघतो, मग हो की नाही सांगतो. त्याच संध्याकाळी फ्रेमवाला येईल, त्याच्या आत काय ते होऊ दे.

धनतेरसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी वर गेले तर भाभी माझ्या जागी बसलेल्या, फरशीवर. मोरपंखी रंगाची ट्यूब हातात, उघडलेली नाही. मी परत फिरणार तोच म्हणाल्या, "थांब. पूस तू."

मी पुसत राहिले. थोड्या वेळाने त्या मराठीत बोलल्या, माझ्याशी की भिंतीशी, कोण जाणे. "मोर मला छान येतात. झोपेत पण काढीन. पण यात मोर काढला ना, तर मग मी पुन्हा ब्रश हातात घेणार नाही. रागाने नाही सांगत. मला माहीत आहे, नाहीच घेणार."

मी मान हलवली नाही. फडकं पिळलं आणि कोपरा पुन्हा एकदा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र खाली दिवाणखान्यात आणून सोफ्यावर उभं केलं होतं. घरात धुपाचा वास, बा चांदी घासायला काढून बसलेल्या. मी चहा घेऊन आले. शेठ चित्रासमोर उभे, धोतराचा सोगा हातात धरून. भाभी दाराशी. मी कप ठेवून निघणार, तेवढ्यात बा माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आ बाईने पूछो ने. सादी बाई छे, सीधुं बोलशे."

शेठ वळले. कधी एक वाक्य माझ्याशी न बोललेला माणूस. चित्रावरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "बोल बेन. आ खाली छे ने?"

आता हे नीट सांगते, कारण सगळं यातच आहे. शेठ विचारत होते, हे रिकामं आहे ना? गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. मला ते ठाऊक नव्हतं असंही नाही. बस रिकामी असली की कंडक्टर 'खाली है' ओरडायचाच. पण भीती वाटली की माणसाला आधी आईचीच भाषा ऐकू येते. त्यात शेठचा हात फिरत फिरत नेमका त्या निळ्यापाशी येऊन थांबला. मला ऐकू आलं ते असं: हे खाली आहे ना? म्हणजे तळाशी आहे ना?

होतंच ते खाली. मला वाटलं, आता हे ते निळं उचलून मधोमध न्यायला सांगणार. मोराचं मी विसरूनच गेले. भाभींकडे पाहायची हिंमत झाली नाही. जन्मात पहिल्यांदा मान न हलवता मी तोंडाने बोलले, आणि भीतीने जरा जास्तच मोठ्याने.

"हा शेठ, खाली छे. खालीच पाहिजे. खाली छे तो ज सारुं छे."

बांच्या हातातली वाटी खणकन पडली. "हाय हाय! धनतेरसना दहाडे एवुं बोलाय?"

वाटीच्या आवाजासरशी मला उमगलं, मी काय बोलून बसले ते. आमच्याकडेही बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि मी व्यापाऱ्याच्या घरात, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर, शेठच्या समोर उभी राहून म्हटलं होतं, रिकामंच पाहिजे, रिकामं असलं तरच बरं. कानातून वाफ निघाल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर आमची खोली आली, ह्यांचा चेहरा आला. गेलं हेही काम, मी मनात म्हटलं. आणि माझ्यापायी भाभींचं चित्रही गेलं.

तेवढ्यात शेठचं पोट हलायला लागलं. आधी पोट, मग खांदे. हसत होते ते.

"बाई खोटुं नथी केती," ते म्हणाले. "माल खाली थाय तो ज वेपार ने! गोडाऊन भरेलुं ने भरेलुं रहे, ए तो देवाळुं." माल निघून गेला तरच व्यापार; गोडाऊन भरलेलंच राहिलं तर ते दिवाळं.

"हवे तमे पण!" बा कळवळल्या. सणाच्या दिवशी एक रिकामं म्हणते आणि दुसरा दिवाळं काढतो.

यजमानांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण पप्पा, घराक पूछशे के आ शुं छे..."

"पूछवा दे. पूछशे एटली वार बेसशे." जेवढा वेळ विचारेल तेवढा वेळ गिऱ्हाईक बसेल. शेठनी चहाचा कप उचलला. "मोर नथी जोईता. आवुं ज राखो." मोर नकोत, असंच ठेवा.

मी स्वयंपाकघरात पळाले. मागून भाभी आल्या, दार लोटलं, आणि ओट्याला टेकून पदर तोंडात कोंबून हसत सुटल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "तू खाली म्हणजे खाली म्हणालीस ना? तुझं मराठी खाली?"

"हो हो," मी म्हटलं. "भाभी, मी जाऊन सांगू का शेठना, मला तसं म्हणायचं नव्हतं?"

"वेडी आहेस का? गप बस." मग त्या हळूहळू शांत झाल्या. "म्हणजे माझं चित्र आता रिकामं गोडाऊन झालं." हे म्हणताना त्या हसत होत्या की नाही, मला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पण तुला का वाटलं, खालीच पाहिजे?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. "वर नेलं असतं तर ते टांगल्यासारखं दिसलं असतं," मी म्हटलं. "खाली आहे तर... बसलंय."

भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दूध उतू जातंय."

लाभपाचमेला चहा-नाश्त्याच्या मदतीला मी दुकानात गेले होते. पांढऱ्याशुभ्र गादीमागे भिंतभर ते पिवळं. येणारा प्रत्येक जण हात जोडायचा, पेढा तोंडात टाकायचा आणि वर बघून अडायचा. बारडोलीहून आलेले एक काका म्हणाले, ऊस तोडून नेलेलं शेत आहे हे, आणि खात्री असल्यासारखे लोडाला टेकले. एका बाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, रंग संपला होता का गं? एका तरुण दलालाने तर आठ-दहा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "सरस." शेठ प्रत्येकाला माझीच ओळ ऐकवत होते, खाली ज जोईए, खालीच पाहिजे, जणू लहानपणापासून त्यांना ती पाठ होती. लोक मान डोलवत होते. मी ट्रे घेऊन फिरत होते आणि मला सारखं वाटत होतं की आता कुणीतरी मला धरून विचारेल. कुणी विचारलं नाही.

दुपारी गर्दी ओसरली. पुरुषमंडळी जेवायला गेली, पंखा फिरत होता, खाली रस्त्यावरचा गोंगाट काचेपलीकडून समुद्रासारखा येत होता. भाभी गादीच्या कडेला बसल्या आणि हाताने मला बोलावलं. मी खाली सतरंजीवर बसले. दोघी बघत राहिलो. इथला उजेड ट्यूबलाइटचा, घरच्यासारखा नाही. पण हळूहळू ते पिवळं इथेही उघडत गेलं, दुकानाच्या भिंतीपलीकडे, साड्यांच्या घड्यांपलीकडे, फार लांबपर्यंत. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"उद्या जरा लवकर येशील?" भाभी म्हणाल्या. "चौकटीवर नवीन कापड ताणायचंय. एकटीने ताणलं की सुरकुती पडते."

"येते. यावेळी कुठला रंग?"

"अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि पेढ्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.