अर्धा इंच दाबलेला शर्ट

"बाबा, कावीळ उतरेल. पण मुलाला आणखी एक आजार आहे, आणि तो काविळीच्या आधीचा आहे."

धुळ्याच्या दवाखान्यात आमचा तो सहावा दिवस. बोलणारे डॉक्टर मनाच्या आजारांचे होते. त्यांनी नाव सांगितलं, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. मी म्हटलं, मराठीत सांगा, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ते म्हणाले, स्वतःचं शरीर जसं आहे तसं त्या माणसाला दिसत नाही. एखाद्याला आपलं सरळ नाक वाकडं वाटतं. तुमच्या दिलीपला आपलं भरलेलं अंग काडीसारखं वाटतं.

मी खुर्चीवरून उठलो. आमच्या घरात कोणी वेडं नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. आता मला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून हातात पेन धरलं आहे. ज्याच्या घरात असा मुलगा असेल त्याने हे वाचावं. माझ्यासारखं बाकावर जाऊन बसू नये.

मी शिरपूरचा शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं. एकाही गिऱ्हाइकाला "तुमचं माप चुकलं" असं म्हणू दिलं नाही. शर्ट घट्ट झाला तर मी म्हणायचो, "भाऊ, तुम्ही जाड झालात." लोक ऐकून घ्यायचे. माझा टेप चुकत नाही हे सगळ्या पेठेला माहीत होतं. कापडी टेप वापरून वापरून ताणतो आणि माप कमी दाखवतो, म्हणून मी दरवर्षी दिवाळीला नवा टेप घ्यायचो.

दिलीप माझा धाकटा. बावीस वर्षांचा होता तेव्हा स्टँडजवळ जिम निघाली. चारी भिंतींना आरसे. दिलीप जायला लागला आणि मला आनंदच झाला. दोन वर्षांत छाती छत्तीसवरून चव्वेचाळीसवर गेली. दर रविवारी सकाळी तो दुकानात येऊन माप घ्यायला लावायचा. छाती, दंड, मान, मांडी. सुरुवातीला मी कौतुकाने घ्यायचो. मग तो वाद घालायला लागला.

"आबा, तुमना टेप खोटा शे."

मी नवा टेप काढला. तेच माप. तरी तो म्हणे, दंड बारीक झालेत. मग माझ्यावर रुसून निघून जायचा.

आईच्या हातचे मांडे त्याने सोडले. चुलतभावाचं लग्न सोडलं, का तर त्या दिवशी व्यायाम बुडेल. कॉलेज सोडलं. आणि एवढं कमावलेलं अंग तो दाखवत नव्हता, झाकत होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोक बनियनवर हिंडतात. हा लांब बाहीचा, ढगळ शर्ट शिवून मागायचा. आत दोन बनियन. मला हे कोडं उलगडेना. पैलवान तर बाही वर सारून चालतो.

आता माझी चूक सांगतो. त्याचं तोंड उतरलेलं मला बघवेना. एका आठवड्यात धुवायला आलेला त्याचा निळा शर्ट मी घेतला, दोन्ही बाजू आणि बाह्या अर्धा इंच दाबल्या आणि इस्त्री करून ठेवून दिला. त्याने घातला आणि चार वर्षांत हसला नसेल असा हसला.

"आबा, शर्ट घट्ट व्हवाले लागना!"

"व्हवालेच पाहिजे," मी म्हटलं. "मेहनत करस तू."

पंधरा दिवस घरात सुख होतं. मग त्याचं तोंड परत उतरलं. मी परत अर्धा इंच दाबला. असं तीन वेळा. मला वाटलं, शिंप्याने आपल्या हुन्नराने पोराला बरं केलं. कुणाला सांगितलं नाही. दिलीपच्या आईलाही नाही.

मग खाज सुरू झाली. अंगभर, तळपायांनासुद्धा. मी म्हटलं, टेरिकॉट अंगाला लागत असेल, आणि सुती शर्ट शिवून दिला. खाज गेली नाही. लघवी चहासारखी व्हायला लागली, ते त्याने लपवलं. शेवटी त्याच्या आईने एका सकाळी मला हाक मारली.

"अहो, पोऱ्याना डोया देखात का? हयदनागत पिव्या पडी ग्यात!"

हळदीसारखे पिवळे डोळे. मी त्याला काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्याने नाकात थेंब टाकले. आठ दिवस त्यात गेले. तुम्ही ते घालवू नका. नवव्या दिवशी दिलीपला एसटीत उभं राहवेना, तेव्हा धुळं गाठलं.

तिथे रक्त, लघवी, सोनोग्राफी. बिलिरुबिन म्हणजे अंग पिवळं करणारा पदार्थ, तो रक्तात कितीतरी पटींनी वाढला होता. जंतूंच्या काविळीची तपासणी केली, ती निघाली नाही. पोटाचे डॉक्टर म्हणाले, कोलेस्टॅसिस आहे, म्हणजे पित्त लिव्हरमधून पुढे सरकत नाही, रक्तात साचतं, त्यानेच खाज. मग दिलीपला विचारलं, कसल्या गोळ्या घेतोस? तो म्हणाला, कसल्याच नाही.

गोळ्यांची पाकिटं त्याच्या आईला सापडली, शर्टाच्या चोरखिशात. तो चोरखिसाही मीच शिवून दिला होता, एसटीत पाकीट मारतात म्हणून. पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि मान हलवली. अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू फुगवणारं औषध. जिममधल्या कुणीतरी आणून दिलेलं. "या लगेच बंद," ते म्हणाले. "परत सुरू केल्या तर लिव्हर दुसऱ्यांदा साथ देईल याची मी हमी देत नाही."

आणि त्यांनीच मनाच्या डॉक्टरांना बोलावलं.

तर मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिथून वॉर्ड दिसायचा. दिलीपच्या शेजारच्या खाटेवर चोपड्याचे एक नाना होते, केळीचे बागायतदार, पथरीसाठी आलेले. तोंड एक मिनिट बंद नसायचं. दिलीप कूस बदलत होता तर म्हणाले, "भो, तू तं दोन मानसेएवढा शे. खाट बी आंग चोरी ऱ्हायनी!"

सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो. दिलीपने भिंतीकडे तोंड केलं. मी जवळ गेलो तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"आबा, तो मनी टिंगल करी ऱ्हायना. मी बारीक शे म्हनीसन."

तेव्हा मी थांबलो. मला आठवलं, हाच दिलीप दुकानात गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की छाती सांगायचा. अडतीस म्हटली तर टेप लावल्यावर अडतीसच. माझ्यापेक्षा तयार नजर. शंभर माणसांचं माप दुरून ओळखणारा डोळा एकट्या स्वतःच्या अंगाला चुकत होता. हट्टी माणूस दुसऱ्याच्या सांगण्याने हलत नाही, पण पुरावा माझ्याच दुकानातला होता. मी परत डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

"बसा," ते म्हणाले. जणू मी पाणी प्यायला गेलो होतो.

मी विचारलं, मग काय, व्यायाम करणारी सगळी पोरं आजारी? त्या जिममध्ये वीस पोरं जातात.

"नाही," ते म्हणाले. "अंग किती मोठं यावरून आजार ठरत नाही. व्यायाम बुडाला तर तो पोरगा लग्नात जेवतो का? आरशासमोरून उठतो का? लोकांसमोर शर्ट काढतो का? आणि कुणी खरं माप सांगितलं तर मानतो का? स्नायूंच्या बाबतीतला हा प्रकार आम्हीही आत्ता कुठे ओळखायला लागलोय."

चारही प्रश्नांचं उत्तर नाही होतं.

मग ते म्हणाले, "मला काळजी वेगळी आहे. तो म्हणतो, घरी गेल्यावर गोळ्या परत घेणार. त्याला खात्री आहे की त्या लागू पडत होत्या. शर्ट दर पंधरा दिवसांनी घट्ट व्हायचा म्हणे. म्हणून त्याने एकाच्या तीन गोळ्या केल्या."

शर्ट घट्ट करणारा मी होतो. हे तिथेच बोलायला पाहिजे होतं, पण नाही बोललो. संध्याकाळी दिलीपची आई विचारत होती, जेवत का नाही? तिलाही सांगितलं नाही. शिंप्याने शिवण खोटी मारली हे कबूल करणं मला मरणाहून जड वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडच्या आधी डॉक्टरांना गाठलं आणि सगळं ओकलो. वाटलं होतं, झापतील. ते एवढंच म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. चिडेल. तुमच्यावरचा विश्वास जाईल कदाचित. पण गोळ्यांवरचा जायलाच हवा."

निळा शर्ट पिशवीत होता. मी खाटेवर बसलो, शर्ट उलटा केला आणि ब्लेडने बाजू उसवली. दिलीप बघत होता. नानाही बघत होते. शिवणीत टिपेच्या ओळी दिसल्या, एकीच्या आत एक. सगळ्यात बाहेरची, पहिली, आणि तिच्या आत अर्ध्या-अर्ध्या इंचावर तीन. दाबून ठेवलेलं कापड गडद निळं, नव्यासारखं. बाकी शर्ट धुऊन विटलेला.

"दिलीप, तू वाढना नही. गोळ्यासनी काहीच करं नही. शर्ट मी दाबा. तीन डाव."

तो टिपांवरून बोट फिरवत राहिला. शिंप्याचा पोरगा, त्याला टिपा वाचता येतात. मग शर्ट माझ्या मांडीवर टाकला आणि पाठ फिरवली.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईच्या हातून पाणी घ्यायचा, माझ्या हातून नाही. मी दाराशी बसून राहायचो. नाना म्हणाले, "आबा, बोलाले लागी जाई. बापशी भांडाले बी बोलनं पडस."

चौथ्या दिवशी तो भांडायला बोलला. "बाकीना शर्ट बी?"

"नही. निळाच."

"खरं?"

"उसवीसन देख."

त्याने बाकीचे दोन्ही शर्ट मागवून घेतले, आईकडून ब्लेड घेतलं आणि स्वतः उसवून बघितले. एकेकच टीप निघाली. मग त्याने डॉक्टरांना विचारलं, गोळ्यांनी नुसती कावीळच झाली का? डॉक्टर म्हणाले, थोडं अंग त्यांनी फुगलं असेल, मी खोटं सांगणार नाही; पण तुला जे वाढताना जाणवलं ते तुझ्या वडिलांचं काम. माझ्यासमोर सांगितलं. दिलीपने उरलेल्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते आईला सांगितलं. घरी पत्र्याच्या पेटीखाली होत्या. तिने त्या गटारीत टाकल्या.

खाज जायला सहा आठवडे लागले, डोळे पांढरे व्हायला दोन महिने. मनाचा आजार तसा भराभर गेला नाही. लिव्हर सावरल्यावर मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर महिन्याला धुळ्याला बोलावलं. घरासाठी नियम दिले. दिलीपचं माप घ्यायचं नाही, कधीच नाही. त्याने विचारलं, "मी बारीक दिसस का?" तर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, "डॉक्टरांनी उत्तर द्यायला मना केलंय" एवढंच. "चांगला दिसतोस" म्हणून समजूत घातली की आजाराला खुराक मिळतो, असं ते म्हणाले. दिलीपच्या आईला हे फार जड गेलं. व्यायाम बंद केला नाही, हे ऐकून मी चकित झालो. आठवड्यात तीन दिवस, एक तास, मोठ्या आरशापासून लांब.

मी जिमला कुलूप लावायला निघालो होतो, तेही डॉक्टरांनी थांबवलं. बरोबर केलं. त्याच जिममधला, दिलीपएवढाच रुंद असलेला एक पोरगा आज सुखाने दुकान चालवतो आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. लोखंड तेच, आरसे तेच. म्हणून मी ठासून सांगतो, वजन उचलणं हा आजार नाही. खरं माप सांगूनही पोराला पटत नसेल, आणि त्या न पटण्यापायी त्याचं खाणं, शिकणं, माणसं सुटत असतील, तर तो आजार आहे. टेप बदलू नका. डॉक्टर गाठा.

मधे एकदा घसरला. ऐन चैत्रात स्वेटर घालून दुकानात आला. मी काज-बटणाचं काम त्याच्यापुढे ठेवलं. दुपारपर्यंत घामाने भिजला आणि स्वतःच काढून खुंटीला लावला.

तीन वर्षांनी लग्न ठरलं, मुलगी जामनेरची. लग्नाचा शर्ट मीच शिवणार हे कुणी विचारायचं कारण नव्हतं. पण टेप लावायचा नाही. अंदाजाने बेतला. आयुष्यात एवढा घाबरत कात्री चालवली नव्हती.

हळदीच्या आदल्या दिवशी त्याने घालून बघितला. हात पुढे केले, मागे केले. कपाळाला आठी पडली. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. मला वाटलं, झालं, आता आरसा मागेल.

"आबा," तो म्हणाला, "खांदामा वढस. तुमनं माप चुकनं."

त्याने शर्ट काढून माझ्याकडे फेकला आणि उघड्या अंगानेच पाटावर जाऊन बसला, आईला म्हणाला, बट्टी वाढ.

चाळीस वर्षांत मी हे वाक्य कुणाला बोलू दिलं नव्हतं. शर्ट मांडीवर घेतला, खांदा उसवायला ब्लेड शोधलं.

"हा रे भो," मी म्हटलं. "मनंच चुकनं."