दहा शेंगदाण्यांचं मोठेपण

माझ्या थोरल्या नणंदेएवढी मोठी बाई अख्ख्या भोपाळात दुसरी नाही. ज्यांनी त्यांना पाहिलंय ते हे वाक्य ऐकून हमखास हसतात, कारण ताईंची उंची चार फूट आठ इंच. तीही सकाळची. संध्याकाळी पाव इंच कमी भरते असं त्या स्वतःच सांगतात, कारण त्यांनी मोजून पाहिलंय. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूमिती शिकवली. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला त्यांचा खडू कधी लागला नाही, पण शेवटच्या बाकावरच्या दांडगटांना घाम फोडायला त्यांना खालचा अर्धा पुरायचा. मी लग्न होऊन आले ती सासूबाईंना घाबरायचं ठरवूनच आले होते. पहिल्याच दिवशी कळलं की सासूबाईसुद्धा कुकरला किती शिट्ट्या करायच्या ते ताईंना विचारतात.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, योगासनं करतात. ताईंना माझ्या मुलीनं पुण्याच्या हॉस्टेलवरून आणलेला एक खेळ सापडला. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, कुणी धनुर्धारी, कुणी मांत्रिक. त्याचा जोर किती, चपळाई किती, चिलखत किती हे कागदावर आकड्यांत लिहायचं. एकानं गोष्ट सांगायची, राक्षस आणायचे, आणि बाकीच्यांनी वीस बाजूंचा फासा टाकून त्यांच्याशी लढायचं. मुलगी पुढे नोकरीला बंगळूरला गेली आणि खेळ आमच्या गळ्यात पडला. सहा वर्षं झाली, दर रविवारी चार वाजता आम्ही मिसरोदहून निघतो आणि अयोध्या नगरात ताईंच्या तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचतो. लिफ्ट नाही. मी, आमचे हे, म्हणजे ताईंचे धाकटे भाऊ, आणि पहिल्या मजल्यावरचे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमनसाहेब, असे तिघं खेळणारे. गोष्ट सांगणाऱ्या अर्थात ताई. दुसऱ्या कुणी सांगायची टाप आहे?

तर या खेळाच्या पुस्तकात ताईंना सगळ्यात काय आवडलं असेल, तर प्राण्यांच्या आकाराचं प्रकरण. इंग्रजी नावं मात्र त्यांना मुळीच पटली नाहीत. त्यांनी स्वतःची मापं ठरवली. उंदराएवढं ते वाटी, मांजराएवढं ते तांब्या, माणूस म्हणजे घागर, राक्षस म्हणजे रांजण, त्याहून मोठं ते टाकी, आणि सगळ्यात शेवटी आमच्या भोपाळच्या तळ्याएवढं ते बडा तालाब. बडा तालाब सहा वर्षांत एकदाच आला, तेव्हा आमचे हे चहाला उठले होते आणि परत येईपर्यंत त्यांचं पात्र मेलं होतं. आलेखाच्या कागदावर घागरीला एक चौकोन, रांजणाला चार, टाकीला नऊ. नियम त्या पाढ्यासारखे म्हणून घ्यायच्या. "एक माप वर चढलं की काय होतं? जोर वाढतो, घाव जास्त लागतो. पण चपळाई घटते, नेम धरणाऱ्याचं काम सोपं होतं, आणि लपायला कुठे जागा राहत नाही. व्हायचंय मोठं? व्हा. फुकट नाही एवढं लक्षात ठेवा."

मोठं करणारं एक जादूचं औषधही असतं. त्याचा अंमल दहा फेऱ्या; अकराव्या फेरीला माणूस आपल्या मूळ मापात. फेऱ्या मोजायला ताई ताटलीत दहा शेंगदाणे ठेवतात आणि दर फेरीला ज्यानं औषध घेतलं त्यानं एक खायचा. एकदा फोरमनसाहेबांचा धनुर्धारी रांजण होऊन एका राक्षसाशी कुस्ती खेळत होता. साहेब रंगात आले आणि बोलता बोलता उरलेले चारही शेंगदाणे तोंडात टाकून बसले. "खाल्लेत? चार फेऱ्या झाल्या," ताई म्हणाल्या. "अरे दीदी, वो तो मैं ऐसे ही खा गया!" साहेब कळवळले. उपयोग शून्य. धनुर्धारी झपकन लहान झाला आणि राक्षसाच्या मुठीत गळ्यापर्यंत अडकला. त्याला सोडवायला आम्हाला तीन रविवार लागले. तेव्हापासून साहेब येताना घरूनच पोटभर खाऊन येतात.

हे सगळं त्या चौकोनांच्या कागदावर राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण ताई अख्ख्या दुनियेला मापं लावतात. नात्यातले एक जण बढती मिळून मोठे साहेब झाले. सगळे अभिनंदन करताहेत, ताई हळूच मला म्हणाल्या, "एक माप चढला. आता बघ, लपायला जागा नाही." पुढच्याच लग्नात तो बिचारा जेवणाच्या रांगेतून चारदा स्टेजवर ओढला गेला, फेटे बांधून घेतले, आणि त्याला गुलाबजाम काही मिळाला नाही. यांनी स्कूटर विकून मोठी गाडी घेतली तेव्हा ताई जुन्या शहरातल्या चौक बाजारात गाडीनं येते म्हणाल्या नाहीत. रिक्षानं गेल्या, साडीला फॉल लावून घेतला, परत आल्या. तोवर हे गाडी वळवायला जागा शोधत होते.

आणि माझे मोदक! एका गणपतीत मला हौस आली, दुप्पट आकाराचे मोदक करायची. मोदकपात्राचं झाकण उघडलं तर आत नुसता गूळखोबऱ्याचा चिखल. मी रडकुंडीला आलेली, आणि ताई मागे उभ्या राहून समजावताहेत, "अगं, उंची दुप्पट केलीस की पारी लागते चारपट आणि सारण बसतं आठपट. फाटणार नाही तर काय होईल?" मग त्यांना एकदम राक्षसच आठवले. राक्षसाचंही तेच, पाय चारपट जाड आणि अंग आठपट जड, मग पहिल्याच पायरीला त्याचे गुडघे कसे जात नाहीत? खेळ काढणाऱ्या कंपनीला त्यांनी पक्ष, साध्य, सिद्धता अशा क्रमानं चार पानी पत्र धाडलं. उत्तर आलं नाही. "सिद्धता चुकलेली असती तर लगेच कळवलं असतं त्यांनी," असं ताईंचं म्हणणं.

गुडघे ताईंचेही कधीचे गेलेत, पण बोलणार कोण? सासरे गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या आणि आमचे हे सात. शिकवण्या केल्या, मग शाळा धरली, भावाला कडेवर घेऊन दवाखाने केले, त्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं. भाऊ सहा फुटी झाला, छपन्न वर्षांचा झाला, तरी ताईंच्या तोंडी अजून "बाळ". आम्ही मिसरोदला तळमजल्यावर घर घेतलं तेव्हा चला म्हणून किती विनवण्या केल्या. नाही म्हणजे नाही.

यंदाच्या हिवाळ्यात त्या माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. घोट्याचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं, एकटं राहायचं नाही. हे म्हणाले, "ताई, आता मुकाट्यानं घरी चल." ताई म्हणाल्या, "बाळ, तुझ्याकडे आले की मी एक माप खाली उतरते. इथं मी घर चालवते. तिथं मला चहाची गाळणी कुठे आहे हेसुद्धा विचारावं लागेल." आणि बसल्या की हट्ट धरून. फोरमनसाहेबांच्या घरून डबा यायचा. बाकी वेळ बाई फरशीवर बसून, ढुंगणानं सरकत स्वयंपाकघरात जायची. हे मला साहेबांनी सांगितलं तेव्हा मी अक्षरशः रडले, आणि रागही इतका आला की विचारू नका. एकटीला तिथं आणखी काही झालं असतं म्हणजे?

तरी रविवारचा खेळ चुकला नाही. ताई पलंगावर, पाय उशीवर, कागद पाटावर. त्या दिवशीच्या गोष्टीत एक किल्ला होता आणि तिसऱ्या बुरुजावर एकटी राक्षसीण, रांजण मापाची. पाय दुखावलेला, पण खाली यायला तयार नाही. ताईंनी ती मुद्दाम रचली होती की नकळत, ते आजही सांगत नाहीत. साहेबांनी बाण काढला. आमचे हे, जे सहा वर्षांत "मी मारतो" याखेरीज काही बोललेले नाहीत, ते म्हणाले, "मी तलवार खाली ठेवतो. तिला विचारतो, बाई, तू जन्मापासून एवढी मोठी आहेस?"

ताई म्हणाल्या, "नाही. औषध घेतलं होतं तिनं."

"कधी?"

"झाली पुष्कळ वर्षं."

"मग दहा फेऱ्या केव्हाच होऊन गेल्या. तिचे शेंगदाणे कुणी मोजलेच नाहीत, ताई."

यांनी ताटलीत दहा शेंगदाणे मोजून ठेवले आणि ताटली ताईंच्या पुढे सरकवली. ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शेवटचा बाक थरथरला असता. "बाळ, हा खेळ आहे." "हो ना. नियम तुझाच आहे," हे म्हणाले. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

ताईंनी एक शेंगदाणा उचलला. मग दुसरा. दात कमी झालेत, दहा खायला बराच वेळ लागला. शेवटचा गिळून त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "अकरावी फेरी. राक्षसीण आपल्या मापात. माझी शाल दे गं."

यांनी त्यांना दोन्ही हातांवर उचललं. साहेब पुढे जाऊन जिन्यातल्या सायकली बाजूला करत होते, "संभलके भैया, संभलके" करत, आणि मी मागून शाल, औषधं आणि फाशांची डबी घेऊन. दुसऱ्या मजल्यावर हे थांबले. मला वाटलं दमले. तर म्हणाले, "ताई, अगं, केवढीशी आहेस तू!" त्यांच्या खांद्यापाशी ताईंचं डोकं जेमतेम पोचत होतं. ताई डोळे मिटून म्हणाल्या, "बोलू नकोस. तुझे दोन्ही हात गुंतलेत. या फेरीत तुला हल्ला करता येणार नाही." मग यांच्या शर्टाची कॉलर घट्ट धरून ठेवली, ती गाडीत बसेपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून आले तर ताई वॉकर धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. अठ्ठावीस वर्षांत या बाईनं मला फक्त सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. बराच वेळ इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "गाळणी कुठे असते गं तुझी?" मला वाटलं होतं मी जिंकल्यासारखी हसेन. हसू काही आलं नाही. गाळणी वरच्या खुंटीला होती, माझ्या हाताच्या उंचीवर. ती काढून त्यांच्या हातात दिली आणि त्या बाहेर गेल्यावर एक खुंटी खाली ठोकून घेतली.

आता चहा त्याच करतात, आणि आम्ही कितीला उठावं हेही त्याच ठरवतात. प्लास्टर येत्या सोमवारी निघतंय. मंगळवारी आपण आपल्या घरी, असं त्यांनी जाहीर केलंय. हे नुसती शेंगदाण्यांची बरणी भरून ठेवतात. जातील की राहतील, मला खरंच सांगता येणार नाही. ती खालची खुंटी मात्र मी काढणार नाही.