पेटीची पाठवणी

बाबांची पेटी दुपारी वाजायची. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की बाबा ती कपाटावरून खाली उतरवत, आणि लालबागच्या आमच्या दोन खोल्यांतली हवा हळूहळू जड होई. वाटीतलं उरलेलं ताकसुद्धा त्या सुरानं थरथरतंय, असं मला वाटे. मी त्या सुरात पोहत पोहत झोपेत जाई. माझं संगीतशिक्षण ते एवढंच.

बाबा गेले आणि पेटी तीन वर्षं कपाटावर गप्प राहिली. शेवटी आईच म्हणाली, "भाता कडक होईल रे. वाजवणाऱ्याच्या घरी दे." मी मोबाइलवर फोटो टाकला. अकोल्याच्या एका बाईंनी ती घेतली. त्या शाळेत मुलांना गाणं शिकवतात. आईनं एकच अट घातली : "तिकडे पोचली की मला तिचा आवाज ऐकव. हाच आवाज. नाहीतर आपली पेटी परत आण."

बांधाबांध मी करणार म्हटल्यावर बायकोनं कपाळाला हात लावला. कारण मी एकदा पुण्याला बहिणीकडे काचेचे सहा बाऊल पाठवले होते. ती अजून सांगते, दादानं कोडं पाठवलं होतं, जुळवायला. पण या वेळी मी चार व्हिडिओ पाहिले होते. शिवाय मदतीला खालच्या मजल्यावरचे काका होते. त्यांचं अख्खं आयुष्य गणपतीच्या कारखान्यात मूर्ती खोक्यात बांधण्यात गेलं. ते चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले.

"आमचो बाप्पा सोंडेसकट अमेरिकेक जाता. तुझी पेटी अकोल्याक जावची नाय?"

पेटीच्या पट्ट्यांवरचं झाकण मी सहावीत असताना त्यावर बसून मोडलं होतं, म्हणून पट्ट्यांवर आईच्या जुन्या लुगड्याची घडी घातली. मग फुग्यांचं प्लास्टिक, मग आतला खोका, त्याच्या बाहेर दुसरा खोका. मध्ये फट दिसली की काका कपाच्या कानानं दाखवत. "भर. पोकळ दिसला की भर." सगळं झाल्यावर खोका हलवून बघायचा, हा त्यांचा शेवटचा नियम. "आवाज इलो तर समज, चुकलंस."

चिकटपट्टी संपली म्हणून मी नाक्यावर जाऊन आलो. आलो तेव्हा काका गॅलरीत कुणाशी तरी बोलत होते आणि आई देवासमोर बसली होती. मी दोन्ही खोके बंद केले, बाणाच्या खुणा केल्या, 'नाजूक आहे, जपून' असं तीन बाजूंनी लिहिलं. पार्सल न्यायला माणूस चार वाजता यायचा होता. साडेतीनला आम्ही खोका हलवला.

ठक्.

आणि त्या मागोमाग, अगदी आतून, एक लांब सूर आला. झोपेत माणूस कण्हतो तसा. उन्हाची तिरीप फरशीवर पडली होती, पंखा फिरत होता, आणि आम्ही चौघं एका बंद खोक्याभोवती उभे राहून तो सूर विरेपर्यंत हललो नाही. मला क्षणभर वाटलं, आतल्या खोलीत ताट सारून बाबा बसले आहेत.

"बोलली," आई म्हणाली.

"मेली," मी म्हणालो.

"उघड आधी," बायको म्हणाली.

उघडलं. प्लास्टिकच्या आत, पट्ट्यांवरच्या लुगड्यावर, हिरव्या खणात गुंडाळलेला, शेंडीसकट एक नारळ! त्याच्या वजनानं तीन पट्ट्या खाली दबलेल्या. काका कपाळ चोळत म्हणाले, "चाळीस वर्सांत नारळ घातलेलो खोको बघूक नाय."

"आई, हे काय?"

"रिकामी कशी पाठवू? घरातून चाललीय ती." मग जरा थांबून, खणाकडे बघत, "समोर भरली असती ओटी. पण आता मी भरायची म्हटलं तर कुणी बोललं असतं. म्हणून तू नाक्यावर गेलास तेव्हा घातली."

बाबा गेल्यापासून आईला कुणी ओटी भरायला बोलावलेलं नाही, हे माझ्या तीन वर्षांत लक्षात आलं नव्हतं. मी पेटीच तपासायला लागलो. आणि तेव्हा दिसलं की भात्याची कडी मी लावलीच नव्हती. चार व्हिडिओ बघितले आणि कडी उघडी! भाता तसाच हिसके खात गेला असता तर अकोल्यापर्यंत फाटला असता. नारळानं पट्ट्या दाबल्या म्हणून सूर आला, सूर आला म्हणून खोका उघडला.

काका म्हणाले, "म्हातारीन वाचवल्यान तुका."

मी कडी लावली. पट्ट्या सोडल्या तशा वर आल्या. गंधाराची पट्टी तेवढी नेहमीसारखी उशिरा. नारळ मात्र जाऊ शकत नव्हता, आणि एकदा घातलेली ओटी काढायची नाही, असं आई. बायको स्वयंपाकघरात गेली आणि सुक्या खोबऱ्याची वाटी नि हळदकुंकू घेऊन आली. "आई, ही चालेल. आणि तुम्हीच भरा. माझ्यासमोर."

आईनं पेटीच्या लाकडाला बोटभर कुंकू लावलं. खोबऱ्याची वाटी खणात बांधली आणि कुठे ठेवू म्हणून काकांकडे बघितलं. काकांनी दोन खोक्यांमधला एक कोपरा दाखवला. "थंयसर. ती फट रवलीच होती." पुन्हा हलवलं. आवाज नाही.

आठव्या दिवशी अकोल्याहून व्हिडिओ कॉल आला. बाई म्हणाल्या, "पोचली हो. ओटी बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या, आधी पेटीला दिवा लावा, मग वाजवा. आईंना द्या ना फोन."

आईनं स्क्रीनकडे पाहिलंच नाही. फोन कानाला लावला. त्यामुळे अकोल्याला फक्त आईचा कान दिसत होता. बाईंनी सा धरला, रे, मग ग. आईचे डोळे मिटलेले.

"गंधार अजून उशिराच उठतो," ती म्हणाली.

"हो ना. दुरुस्त करून घेऊ का?"

मला आईची अट आठवली : हाच आवाज.

"घ्या करून," ती म्हणाली. "आम्हाला थांबायची सवय होती. मुलांना कशाला?"

फोन माझ्या हातात देऊन ती कपाटाकडे गेली. पेटीच्या रिकाम्या जागेवर इतके दिवस ठेवलेला तो नारळ तिनं खाली काढला आणि बायकोला विचारलं, "सोलकढी करू या?"