मामा आणि समोरचा बुरूज

प्रकाशमामा गेला त्याला आता सहा आठवडे होतील. आदल्या संध्याकाळी अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. तोंडावरचा मास्क बाजूला करून तो म्हणाला, "पूजा, मला घरी, दिंडोशीला ने." मी म्हटलं, "अजून सोडत नाहीत रे डॉक्टर." तो नुसता हसला... 'सोडत नाहीत' हे त्याने आयुष्यात फार वेळा ऐकलं होतं.

जालन्याकडच्या आमच्या घरात समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं. तिथून उठून मामा मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये लागला. काही वर्षांनी स्पेनमधल्या एका लहान बंदरात जहाजाच्या मालकाने फोन उचलणंच बंद केलं. जहाज अडकलं, माणसंही अडकली. धक्क्यावर उतरायला परवाना नाही, आणि जहाज रिकामं सोडायचं नाही असा तिथला नियम. एकेक जण सुटत गेला. ज्याची बायको बाळंत व्हायची होती त्याला मामाने आपला सुटकेचा नंबर दिला. शेवटी मामा आणि एक बंगाली स्वयंपाकी उरले. एकूण अकरा महिने. समोर, दगड भिरकावला तर लागेल इतक्या अंतरावर, मध्ययुगातला गोल दगडी बुरूज होता. त्यात जुन्या जहाजांचं संग्रहालय. पर्यटक वर चढायचे, फोटो काढायचे. मामा डेकवरून दोन्ही हात हलवून त्यांना बोलवायचा. तेही हात हलवायचे. "त्यांना वाटायचं मी टाटा करतोय," तो सांगायचा. आजी गेल्याचं त्याला फोनवर कळलं तेव्हाही बुरुजावरून एक लहान मुलगी त्याला टाटा करत होती.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मी स्पेनला निघाले, तर मामा म्हणाला, मीपण येतो, बुरूज बघायचाय. मामीने कपाळाला हात लावला. "अकरा महिने बघितलात की तो!"

"आतून नाही बघितला."

आतला जिना इतका अरुंद, की समोरून कुणी आलं तर भिंतीला चिकटावं लागे. काचेच्या पेट्यांत छोटी लाकडी जहाजं, होकायंत्रं, जाडजूड दोर. मामाने एकाही पेटीकडे पाहिलं नाही. अर्ध्या जिन्यात त्याचा श्वास कोंडला. शर्टाची वरची बटणं काढून तो भिंतीला टेकला. "चल, उतरू या," मी म्हटलं. "थांब गं, उतरायला आलोय का?" वर पोचल्यावर त्याने आपल्या धक्क्याची जागा लगेच शोधली. तिथे दुसरंच मालवाहू जहाज लागलं होतं. डेकवरच्या केशरी कपड्यांतल्या माणसाने आमच्याकडे बघून हात हलवला. माझाही हात वर गेला, तो मामाने धरून खाली केला. "आधी विचारू तरी."

खाली येऊन तिकीटखिडकीवरच्या बाईंना त्याने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तीनदा विचारलं, त्या जहाजावरच्या लोकांना उतरू देतात ना? बाईंनी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. त्याच जहाजाचे दोन खलाशी तिथे आइस्क्रीम खात बसले होते. मामा त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि ढसाढसा रडला. त्यांना काही कळेना. एकाने आपला रुमाल पुढे केला.

मागच्या रविवारी दिंडोशीला गेले होते. त्या अख्ख्या इमारतीत मामाच्याच गॅलरीला जाळी नाही. कबुतरांनी मामीला जेरीस आणलंय, पण मामासमोर जाळीचं नाव काढायची सोय नव्हती. आता मी जाळीवाल्यालाच सोबत नेलं. त्याने टेप लावून माप घेतलं. मामीने त्याला चहा दिला, रिकामा कप परत घेतला. मग म्हणाली, "दादा, राहू द्या. जाळी नको." तो गेल्यावर तिने झाडू घेतला आणि गॅलरीतली कबुतरांची घाण काढायला लागली.