कोहमाऱ्याच्या लॉनवरचे सात फेरे

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर रोजचेच होते. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण गोंदिया जिल्ह्यात कोहमाऱ्याजवळच्या एका लॉनवर आम्ही घातलेला छापा काही केल्या मनातून जात नाही. तिथं रक्ताचा थेंब सांडला नव्हता. तरी कोणती केस जिवाला लागली असं कोणी विचारलं, की मी हीच सांगतो. नाव मात्र कोणाचंही सांगणार नाही.

तेव्हा मी महामार्गाच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान आणि हद्द मोठी. सकाळची हजेरी, रात्रपाळीच्या नोंदी, मग कुठे ट्रक उलटला, कुठे बैल चोरीला गेला, यातच निम्मा दिवस जायचा. ढाब्यांच्या ओळीतला एक चहावाला माझा खबरी होता. एक दिवस तो आला आणि बसायलाही तयार होईना.

"साहेब, ढाब्यामांगच्या लॉनवर लग्न लागून राहिलं."

"मग लागू दे की! लग्नाला काय बंदी आहे?"

"तसं नाई जी. मंडप तोच, भटजी तोच, वराती तेच. नवरा-नवरी तेवढे बदलून राहिले. अन् जेवन नाई. बिनजेवनाचं लग्न पायलं का तुमी कधी?"

मी पेन खाली ठेवला. आमच्या जिल्ह्यात लग्नात भांडण होईल, नवरदेव उशिरा येईल, पण पंगत नाही असं होत नाही. खोटं लग्न लावायचं, त्यावर व्हिसा काढायचा आणि मुलीला परदेशात नेऊन सोडायचं, असे प्रकार ऐकून होतो. डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले, महिला शिपाई सोबत घेतल्या आणि भर दुपारी लॉनवर पोहोचलो.

मंडपात होमाभोवती एक जोडपं फिरत होतं आणि फोटोग्राफर त्यांना हसायला सांगत होता. फेटे बांधून उभे असलेले वराती म्हणजे ढाब्यावरचे वाढपी. मागच्या खोलीत दुसरं जोडपं बसलं होतं. त्यांच्यासमोर गोंदियाचा एक व्हिसा सल्लागार प्रश्न विचारत होता, "पति किस करवट सोते हैं?" मुलगी पाढे म्हटल्यासारखी उत्तर देत होती. दारात खाकी वर्दी दिसली तरी तिच्या तोंडून पुढचं उत्तर निघूनच गेलं, "चाय मैं बनाती हूँ, शक्कर कम." एरवी मला हसू आलं असतं. तिचा चेहरा पाहून आलं नाही.

सगळ्यांना ठाण्यात आणलं. मंडपातलं जोडपं लगेच बोललं. त्यांचं लग्न खोटंच होतं, ती केस वेगळी चालली. साहजिकच दुसऱ्या जोडप्याकडे मी त्याच नजरेनं पाहिलं. मुलगी आमगावकडच्या एका खेड्यातली, बौद्ध कुटुंबातली. नवरा परदेशात वेल्डिंगचं काम करणारा, सुट्टी काढून आलेला. फेऱ्यांचे त्यांचे फोटो मुलीच्या व्हिसाच्या अर्जासोबत वकिलातीत आधीच जाऊन पोहोचले होते. आता मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, आणि कोण कुठे उभं होतं ते लक्षात राहावं म्हणून सल्लागारानं दोघांना पुन्हा त्याच लॉनवर बोलावलं होतं.

"साहेब, पुढच्या हप्त्यात मुंबईले मुलाखत हाय," मुलगी हात जोडून म्हणाली. "ते हुकली तर हे एकटेच जातीन. मंग मी इथंच राह्यली समजा."

दोघांना वेगळं बसवून जबाब घेतले. पहिली भेट कुठे झाली? नागऱ्याच्या यात्रेत. तिथं काय झालं? गर्दीत तिची चप्पल तुटली, त्यानं शिवून आणली. दोघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. आता हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, दोन माणसांचे जबाब असे जुळले की पोलिसाच्या मनात पाल चुकचुकते. खरं पाहिलेली माणसं कधीच सारखं सांगत नाहीत. माझ्या लेखी हे लग्न बनावट ठरल्यात जमा होतं.

पण माझी एक जुनी सवय होती. चौकशी संपली की संशयितांना माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवायचं आणि दार थोडं उघडं ठेवून फायलीत डोकं घालायचं. साहेबासमोर माणूस जे बोलत नाही, ते त्या बाकावर बोलतो. त्या दोघांनाही तिथंच बसवलं. मग मुलीचा आवाज आला.

"मी तवाच म्हनलं होतं, आपला विहारातला फोटो द्या. तुमाले लय घाई."

"तुह्या मामानंच तर या व्हिसावाल्याचं नाव सांगतलं."

"माह्या मामाले काऊन मंधात घेऊन राहिले? तुमच्या मायनं भाजीसाठी लग्नापासून तोंड फुगवलं, तवा मी बोलली का?"

"भाजीत मीठच नव्हतं त्या!"

"होतं मीठ!"

"नव्हतं! सारी पंगत बोंबलून राह्यली होती."

मी महिला शिपायाकडे पाहिलं. तिनं तोंडाला रुमाल लावला होता. दोघांना पुन्हा वेगळं बसवलं आणि फक्त लग्नाची पंगत विचारली. तो म्हणाला भाजी अळणी होती, ती म्हणाली चांगली होती. तो म्हणाला वरण पातळ, ती म्हणाली त्यांच्याकडचे लोकच जास्त आले. मामानं स्थळ आणलं, विहारात लग्न लागलं, एवढंच काय ते जुळलं. बाकी एकही गोष्ट जुळली नाही, आणि माझी खात्री पटली. असं भांडण कोणत्याही सल्लागाराला शिकवता येत नाही. ती दोघं खरीखुरी नवरा-बायको होती.

संध्याकाळी मुलीचे वडील आले. धुतलेला पांढरा सदरा, काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेली एक फ्रेम. आत विहारातला फोटो. पांढऱ्या साडीतली मुलगी, शेजारी नवरा, मागे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर.

"मीठ नव्हतंच जी," भाजीबद्दलच्या माझ्या पहिल्याच प्रश्नाला ते ओशाळून म्हणाले. "आचारी नवा होता. पोरगी उगाच माहेराची बाजू घेऊन राहिली." क्षणभर आम्ही सगळेच हसलो. जावईसुद्धा हसला.

मग पंचनाम्यासाठी लॉनवर जप्त केलेला अल्बम त्यांच्यासमोर ठेवावा लागला. गिऱ्हाइकांना दाखवायला सल्लागारानं तो ठेवला होता. त्यात त्यांची लेक होती. लाल शालू, भांगात सिंदूर, पुढे होम. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि अल्बम माझ्याकडे सरकवला.

"हे कोन होय, मी नाई वळखत."

"बाबा..." मुलगी पुढे झाली.

"माहा बाप छप्पन साली नागपूरले दीक्षेले गेला होता. तुह्या लग्नात सगळ्याईसोबत मी पंचशील म्हनलो. अन् तू आगीभवती फिरली? कायले? आपलं लग्न लाज वाटन्यासारखं होतं का?"

ती रडायला लागली. ठाण्यात बायकांचं रडणं मी पुष्कळ पाहिलं आहे, पण त्या दिवशी मीच बाहेर जाऊन उभा राहिलो.

सल्लागाराला मात्र कशाचंच काही नव्हतं. "साहब, वहाँ का अफसर शादी मतलब सात फेरे समझता है," तो मलाच समजावायला लागला. "सफेद साड़ी में दुल्हन देखेगा तो बोलेगा यहाँ तो कोई मर गया. मैंने तो इनका भला किया." हिंदू असो, बौद्ध असो, खरं लग्न असो की खोटं, त्याच्याकडे सगळ्यांना एकच मंडप होता. मामानं जमवलेलं लग्न कच्चं दिसतं म्हणून नागऱ्याची यात्रा आणि तुटलेली चप्पलही त्यानंच जोडली होती. मला असल्या माणसांची मनस्वी चीड आहे. खोट्याला खरं करणारे परवडले, हा तर खऱ्याचं खोटं करून बसला होता.

त्याच्यावर गुन्हा दाखल केला. त्या दोघांना साक्षीदार केलं. पण त्याच्या गिऱ्हाइकांचे अर्ज वकिलातीला कळवणं भाग होतं, त्यात यांचाही अर्ज आला. अधीक्षक कार्यालयामार्फत मी स्वच्छ शब्दांत लिहिलं की फोटो बनावट आहेत, लग्न खरं आहे, आणि माझी तशी पूर्ण खात्री आहे. विहारातल्या फोटोची प्रतही जोडली. मुलाखत रद्द झाली. नवऱ्याची सुट्टी संपली आणि तो एकटाच परत गेला. पुढे वकिलातीचं उत्तर आलं. लग्न खरं असेलही, पण अर्जदारानं खोटा पुरावा दिला आहे, त्यामुळे अर्ज नामंजूर, आणि काही वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. कायद्यानं ते बरोबरच होतं. मी तिथल्या खुर्चीवर असतो तर बहुधा हेच लिहिलं असतं, आणि याचंच जास्त वाईट वाटतं.

या केसनं मला काय शिकवलं? साहेबाच्या टेबलापुढे उभं राहायचं म्हटलं की आपल्या माणसाला आपलं स्वतःचं खरं अपुरं वाटायला लागतं. मग तो ते घरी ठेवतो आणि दुसऱ्याचं चकचकीत खोटं उसनं आणतो. गुन्हेगार खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. ही साधी माणसं खोटं बोलतात, कारण आपल्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवेल असं त्यांना वाटतच नाही. त्यांना हे वाटायला लावणाऱ्यांत आम्ही खाकीवालेही आलो.

निवृत्तीनंतर एकदा आमगावच्या बाजारात ती भेटली. शिवणकामाचं छोटं दुकान टाकलं होतं. तिनंच ओळखलं, बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. चहा गोडमिट्ट होता आणि ती चवीनं पीत होती.

"वडील कसे आहेत?"

"बरे हायेत जी. बोलतेत आता माह्यासंगं."

"आणि नवरा?"

तिनं मशीनवरचं कापड नीट केलं. "फारकत झाली साहेब. तो तिकडं, मी इकडं, किती दिवस चालन? सुरुवातीले रोज फोन करे, मंग इतवारचा इतवार, मंग तोबी नाई. वाईट नव्हता जी तो."

कपबशी खाली ठेवून मी उठलो, तेव्हा ती म्हणाली, "विहारातला तो फोटो शेवटी कामी आला बरं का साहेब. फारकतीच्या अर्जाले तोच लावला. वकिलानं पायला न पायला अन् म्हनला, चालते, लग्न झाल्याचा पुरावा म्हनून हा एकच फोटो पुरे."