विहिणी एका होडीत

जावयाला कयाकमधून मासे पकडायचा नाद लागला तेव्हा तो दोन-चार महिन्यांत सुटेल असं आम्ही धरून चाललो होतो. तो सुटला नाहीच. उलट गेल्या हिवाळ्यात त्याने मित्रमंडळींची समुद्रकाठच्या एका लॉजवर सहल ठरवली आणि तिच्यात दोन्हीकडच्या आयांनाही ओढलं. एक त्याची आई, दुसरी मी.

विहीणबाईंचं आणि माझं फार चांगलं होतं, म्हणजे आम्ही एकमेकींशी कधी मोकळेपणी बोललोच नव्हतो. त्या सुरतेत पर्वत पाटिया भागात घरी साड्यांना लेस लावायचं काम चालवतात. मी तिथेच डिंडोलीच्या मराठी शाळेत शिकवते. मुलीची आई, त्यात मास्तरीण, कुठे कमी पडायला नको म्हणून त्यांच्यासमोर मी अगदी पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायचे. त्याही शब्द जपून टाकायच्या. एकदा आमचं फोनवरचं बोलणं ऐकून मुलगी म्हणाली, "आई, तुम्ही दोघी बातम्या वाचता का?"

लॉज सुरतेपासून बरंच लांब, खाडी समुद्राला मिळते तिथे होतं. त्याच्यापुढे रस्ताच नव्हता. सकाळी भरती असताना लॉजवाल्याने सगळ्यांना तरंगायची जॅकेटं चढवली. मी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. गादी उभी करून दोरीने आवळावी तशी दिसत होते.

कयाक म्हणजे लांबट, प्लास्टिकची, एकामागे एक दोघं बसतील अशी होडी. नवरा-बायको, मित्र-मित्र अशा जोड्या लागल्या आणि आम्ही दोघी उरलो.

"पुढे तुम्ही बसा, विहीणबाई," मी म्हटलं.

"छे हो, तुम्ही बसा. मान तुमचा."

"असं कसं? मान मुलाकडच्यांचा."

लॉजवाला गुडघाभर पाण्यात कयाक धरून ताटकळला होता. "बेन, पाणी उतरी जशे," तो म्हणाला. पाणी उतरून जाईल या धाकाने मी पुढे बसले.

मला वल्हवता येतं असा माझा समज होता. सोसायटीच्या बागेतल्या व्यायामाच्या यंत्रावर मी रोज सकाळी वल्हवते. ते यंत्र जमिनीत पुरलेलं असतं, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. शिवाय मी उजवीकडे वल्हं मारलं की माझा मान राखून त्याही उजवीकडेच मारत. कयाक गोल फिरू लागली.

"छान जमतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"तुमची साथ आहे म्हणून," मी म्हटलं, आणि आम्ही आणखी एक गोल फिरलो. तोवर बाकीची मंडळी वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती.

मग मी गळ टाकायला घेतला. जावई टाकतो तशी काठी ऐटीत मागे नेली आणि पुढे झटकली. ती पुढे येईना. वारा असेल म्हणून मी चांगला जोर लावला.

"अहो," मागून अगदी हळू आवाज आला, "ते माझं जॅकेट आहे."

गळ त्यांच्या खांद्यावरच्या कापडात रुतला होता. मी कशीबशी उलटी वळून तो सोडवत बसले. तो सुटला तेव्हा कयाक किनाऱ्याच्या चिखलावर टेकली होती आणि पाणी भराभर मागे चाललं होतं.

"काळजी करू नका. मी उतरून ढकलते," मी वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं आणि पाय खाली टाकला. तो गुडघ्यापर्यंत गेला. मग मांडीपर्यंत. चप्पल कुठेतरी खालीच राहिली.

"ओ माय वं, पाय रुती गया मन्हा," माझ्या तोंडून निघालं.

मग विहीणबाई म्हणाल्या, "तुमले अहिरानी येस?"

"येस ना. मन्हं माहेर चोपडाकडलं शे."

"मंग इतला दिन काब नही बोलनात?"

का नाही बोलले, ते मांडीभर चिखलात उभं राहून सांगणं अवघड होतं, तरी सांगितलं. त्या हसत सुटल्या. लग्नाआधी जावयाने त्यांना बजावलं होतं, मुलीची आई शिक्षिका आहे, तिच्यापुढे आपली भाषा काढू नकोस. म्हणून बिचाऱ्या गप्पच राहायच्या. हसता हसताच त्यांनी माझ्या जॅकेटचे पट्टे धरले आणि साड्यांचं पोतं टेम्पोत ओढतात तसं मला कयाकमध्ये ओढून घेतलं.

"पहिल्या गोलालाच मला चक्कर आली होती," त्या म्हणाल्या. "पण विहिणीला सांगायचं कसं?"

पुढे बराच वेळ आम्ही तशाच बसून राहिलो. चिखलावर बोटभर मासे उड्या मारत होते. आम्ही मुलांविषयी बोललो. त्यांनी त्यांच्या मुलाच्या आळसाच्या गोष्टी सांगितल्या. मुलीच्या आईने जे चुकूनही सांगू नये, ते माझ्या मुलीविषयी मी सगळं सांगून टाकलं.

शेवटी लॉजवाला एका फळीवर गुडघा टेकून चिखलावरून घसरत आला. माझ्या मांडीपर्यंतच्या चिखलाकडे बघत, मासा मिळाला का म्हणून त्याने विचारलं, "मच्छी मळी?"

"मळी ने," विहीणबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "एक मोटी."

तो आम्हाला दोरीने ओढत लॉजपर्यंत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा पाण्यात उतरली. आम्ही साफ नकार दिला आणि लॉजच्या स्वयंपाकघरात शिरलो. आदल्या रात्रीचा माशांचा रस्सा आम्हा दोघींनाही मिळमिळीत वाटला होता. स्वयंपाक्याने कपाळाला आठ्या घालत चूल आमच्या हवाली केली. कांदा-खोबरं भाजून वाटायचं की नुसता लसूण, यावर आमचं पहिलं खरं भांडण झालं. शेवटी दोन्ही घातलं. त्या कोथिंबीर निवडायला बाहेर गेल्या तेव्हा मी मिरची थोडी वाढवली. मी ताटं पुसायला गेले तेव्हा त्यांनीही वाढवली असणार, कारण जेवताना जावयाच्या मित्रांचं पाणी पिणं थांबेना. जावयाने मात्र दोनदा रस्सा घेतला, डोळे पुसले आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मी विहीणबाईंकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे.